घरटी एक माणूस

माझ्या दुकानातलं पावशेराचं दगडी माप एकदा नाहीसं झालं. दोन दिवस शोधलं, नोकरावर संशय घेतला, आणि शेवटी ते सापडलं समोरच्या कडूबाईच्या घराच्या सपाट छपरावर, धाब्यावर, नदीतून आणलेल्या गोट्यांच्या ढिगात. मी मागायला गेलो तर तिनं ते उचलून हातात वरखाली झेललं आणि म्हणाली, "गोफणीला इतका बराबर दगड सगळ्या पूर्णेत न्हाई, सुगन. तू दुसरं माप कर."

माप तिनं दिलं नाही. पुढं ते कुणाला लागलं ते मी माझ्या माडीवरून पाहिलं.

केदारखेड्यापासून दोन कोसांवर, पूर्णेच्या काठी आमची निमखेडी. आम्ही मूळचे मारवाडातले; पणजोबांनी इथं किराण्याचं दुकान टाकलं आणि आम्ही इथलेच झालो. घरात मारवाडी बोलायचो, भांडायचो मात्र मराठीत. गावात दुमजली घर आमचं एकट्याचं, आणि त्याच्या बरोबर समोर कडूबाईचं. तिच्याआधीची भावंडं जगली नव्हती, म्हणून आईबापांनी तिचं नाव कडू ठेवलं, की मरणानं चव घेऊन तोंड वाकडं करावं आणि परत जावं. मरण तिच्यापासून परत गेलं खरं, पण घरातल्या बाकीच्यांना घेऊन गेलं. नवरा गेला, मग पटकीच्या साथीत दीर आणि जाऊ एकाच आठवड्यात गेली. दिराची दोन पोरं, किसन आणि नामदेव, तिनं वाढवली. मी सांगतो त्या काळात ती पोरं मिशा फुटलेले गडी झाली होती आणि तिची चाळिशी उलटली होती.

बाई उंच, हाडाची, डावखुरी. शेतात पाखरं हाकलून हाकलून आवाज घोगरा झालेला. ज्वारी हुरड्यात आली की ती शेतातल्या माळ्यावर उभी राही आणि तिच्या गोफणीचा कडाका नदीच्या पलीकडच्या शिवारात ऐकू जाई. बोलता बोलता खाली वाकून दगड उचलायचा, तळहातावर तोलायचा, पसंत पडला तर लुगड्याच्या ओच्यात टाकायचा, अशी तिला सवय होती. लग्नाच्या मांडवातसुद्धा तिचा ओचा जड असायचा. लोक हसत. ती म्हणे, हसा, पाखरं हसत न्हाईत.

संस्थानाच्या शेवटच्या वर्षी आमच्या भागात हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. अंगात खाकी डगले, जवळ बंदुका, भाले, तलवारी. त्यांच्याबद्दल पुढं पुष्कळ छापून आलं. आमच्या गावात त्यांना नुसतं खाकीवाले म्हणत. चैत्रात ते पहिल्यांदा निमखेडीत आले, भर दुपारी, काही घोड्यांवर आणि बाकीचे एका लॉरीतून. केशव सोनाराला दुकानातून ओढलं आणि सोनं कुठं आहे ते विचारलं. त्यानं होतं तेवढं काढून दिलं. त्यांना ते खरं वाटलं नाही. चावडीपुढच्या लिंबाला त्याला बांधला आणि बंदुकीच्या दस्त्यांनी मारायला सुरुवात केली. मग एकानं त्याचा तळहात झाडाच्या बुंध्यावर दाबून धरला आणि दुसऱ्यानं त्यातून भाला घातला. केशवची किंकाळी ऐकली आणि गावातलं एकेक दार लागत गेलं. माझंही लागलं. आम्ही फटीतून बघत राहिलो.

कडूबाई त्या वेळी शेतातून येत होती. डोक्यावर पाण्याची घागर. ती चौकात आली, थांबली, आणि सरळ लिंबाखाली गेली. केशवच्या तोंडाला पाणी लावलं. एकानं लाथेनं घागर उडवली. तिनं घागर उचलली, विहिरीवर गेली, भरून परत आणली. पुन्हा त्याच्या तोंडाला लावली. या वेळी ते हसले. बाईवर गोळी वाया घालवावी असं बहुतेक त्यांना वाटलं नाही. लॉरी निघून गेल्यावरही बराच वेळ कुणी बाहेर आलं नाही. दिवस मावळायच्या आत केशव तिच्या मांडीवर गेला.

चारपाच दिवसांनी जुन्या जाणत्यांनी मारुतीच्या देवळात सभा बोलावली. बोटांवर मोजण्याइतके लोक आले. गावरक्षणाचं पथक काढायचं यावर एकमत झालं, पण पथकाचा मुख्य कोण यावर दुपार गेली. दोन भाऊबंद एकमेकांच्या आजोबांपर्यंत पोहोचले आणि जेवणाची वेळ झाली म्हणून सभा मोडली. कडूबाईला कुणी बोलावलं नव्हतं. ती पायरीवर बसून ऐकत होती. परत जाताना माझ्या दुकानापाशी थांबली. म्हणाली, "सभेला बोलावलं की माणूस ऐकायला येतो, अन ऐकून घरी जातो. त्याला काम द्यावं लागतं. आपण न्हाई गेलो तर हे कोण करंल, अशी काळजी त्याच्या जिवाला लावावी लागते. मंग येतो."

दुसऱ्या सकाळपासून ती घरोघर फिरायला लागली. मागणं एकच, घरटी एक माणूस. पैसा नको, दाणा नको. दारात उभी राहून ती "येतोस का" असं कधी विचारत नसे. उंबऱ्याबाहेरून सांगे, पाणवठ्याकडून येणाऱ्या वाटेवर गाडी आडवी लावायची आहे आणि ती तुझ्या बैलांशिवाय कुणाच्यानं व्हायची नाही. म्हाताऱ्यांना सांगे, तुम्ही मिरच्या कुटा. नदीवर जाणाऱ्या बायकांना सांगे, घागरीबरोबर पदरात दोन गोटे. कुणी नाही म्हटलं तर ती वाद घालत नसे, जातही नसे. दारातच उभी राही. घरातल्यांना तिच्यासमोर जेवायची लाज वाटे. दुपारपर्यंत होकार येई.

मला तिनं माझी माडी मागितली. वर उभं राहिलं की नदीपासून केदारखेड्याच्या वाटेपर्यंत सगळं दिसे. धूळ दिसली की पितळी परात बडवायची, हे माझं काम. मी म्हणालो, मी व्यापारी माणूस, मला भीती वाटते. ती म्हणाली, "भ्यायला काही हरकत न्हाई. पण भ्यायचं ते आपल्या जागेवर. घरात घुसून न्हाई."

हे वाक्य तिनं किती जणांना ऐकवलं असेल कोण जाणे. भाऊराव म्हणून आमच्याकडं एक होता, अंगानं रेड्यासारखा, पण साप दिसला की बायकोला हाक मारणारा. त्याला तिनं वेशीतल्या गाड्यांवर नेमला. तो रोज संध्याकाळी येऊन विचारी, कडूबाई, दुसरा कुणी बघ. ती म्हणे, बघते, तवर तू बस.

खरी अडचण दोन ठिकाणी आली. महारवाडा नदीच्या अंगाला, गावाबाहेर. खाकीवाले आले तर पहिले त्यांच्यावरच येणार. कडूबाईनं तिथल्या सटवाजीला सांगितलं की तुमचे गोफणवाले आमच्या धाब्यांवर चढवायचे. गावातली मोठी घरं बिथरली. आमच्या धाब्यावर ते कसे चढतील, म्हणाले. ती कुणाशी भांडली नाही. तिनं सटवाजीच्या माणसांना आधी स्वतःच्या धाब्यावर चढवलं आणि मग ज्यांनी नकार दिला त्यांच्या दारात जाऊन म्हणाली, "पयला मार त्यांनी खायचा अन उंचावर तुमी बसायचं, हे मला जमणार न्हाई. तुमी खाली उभे ऱ्हावा, ते वर चढतील." खाली उभं राहायला कुणी तयार नव्हतं. आठ दिवसांनी सगळेच वर होते.

दुसरी अडचण हुसेन पिंजाऱ्याची. गावात पिंजाऱ्यांचं एकच घर. हुसेन, त्याची बायको अमीना, दोन मुली आणि म्हातारी आई. हुसेनच्या बहिणीचा नवरा लांबच्या एका गावी खाकीत सामील झाला होता हे सगळ्यांना माहीत होतं. लोक म्हणाले, त्याला सांगशील तर सगळी बातमी तिकडं जाईल. कडूबाई म्हणाली, घरटी एक माणूस म्हणजे घरटी. ती गेली तेव्हा मी सोबत होतो, कारण तिला दख्खनी बोली नीट येत नसे. हुसेन दारात कापूस पिंजायची धनुकली धरून उभा राहिला. म्हणाला, "भाभी, मेरेकू किस तरफ खडा करते? इनो बोलते मैं उनका, उनो बोलते मैं इनका." कडूबाईनं मला भाषांतर करू दिलं नाही. म्हणाली, "तरफ मरू दे. जखमा होतील, कापूस लागंल. साफ पिंजून गाठोडी बांधून ठेव. हे काम गावात दुसऱ्याला येत न्हाई." हुसेननं मान हलवली. त्या दिवसापासून त्याच्या धनुकलीचा तुणतुण आवाज रोज दुपारी आमच्या गल्लीत यायचा.

ज्येष्ठात, पेरणीच्या तोंडावर, ते आले. सकाळची वेळ होती. मी माडीवर होतो. केदारखेड्याच्या वाटेवर धुळीचा पट्टा उठला आणि मी परात बडवायला लागलो. ठोका वेडावाकडा पडत होता, पण गावानं ऐकला. गाड्या आडव्या झाल्या. धाब्यांवर माणसं दिसायला लागली, लुगड्यांचे काचे मारलेल्या बायका, महारवाड्यातले गडी, किसन आणि नामदेव. कडूबाई तिच्या धाब्याच्या टोकाला उभी होती, गोफण डाव्या हाताला गुंडाळून.

त्यांनी आधी बंदुका झाडल्या. नामदेव वेशीजवळच्या घरावर होता. गोळी त्याच्या गळ्यात लागली. तो बसला, दोन्ही हातांनी गळा धरला, आणि बोटांमधून रक्त येत असतानाच धाब्यावरून खाली गेला. कडूबाईनं ते पाहिलं. घोडेस्वारांचा पुढारी गाड्यांपाशी येऊन ओरडून हुकूम देत होता. तिनं गोफण दोनदा फिरवली आणि सोडली. दगड त्याच्या कानशिलावर बसला तेव्हा मडकं फुटल्यासारखा आवाज झाला. घोड्यावरून तो पडला तो परत हलला नाही. तेच माझं पावशेराचं माप.

त्यानंतर सगळीकडून दगड सुटले. बंदूक भरायला वेळ लागतो, गोफणीला लागत नाही. दगडांनी माणसांचे दात पाडले, गुडघे फोडले. घोडे उधळून आपल्याच माणसांवर गेले. काही जण गाड्यांवरून आत उतरले. बायकांनी वरून त्यांच्या डोळ्यांत मिरची ओतली आणि खालच्यांनी कुऱ्हाडी चालवल्या. माझ्या दुकानाच्या पायरीवर एकाचा हात मनगटापासून तुटून पडला होता, बोटं अजून हलत होती. किसनच्या खांद्यावर तलवार बसली, हाड दिसत होतं. हुसेन गल्लीतून वाकून पळत आला, त्याच्या जखमेत कापूस दाबला, स्वतःच्या मुंडाशानं बांधला, आणि तसाच पुढच्या जखमीकडं गेला. गाड्यांमागं भाऊराव डोळे मिटून पहार फिरवत होता.

शेवटी ते पळाले. आमची चार माणसं गेली होती. त्यांचे किती गेले ते कुणी मोजलं नाही.

पळताना एक जण मागं राहिला. विशीतला पोरगा, दगडानं नडगी मोडलेली. नदीच्या उतारावर तो कोपरांवर सरकत चालला होता. लोक त्याच्याभोवती जमले. तो हात जोडून काहीतरी म्हणत होता. कडूबाई धाब्यावरून ओरडली, थांबा म्हणून, दोनदा, तीनदा. तिचा घोगरा आवाज तिथपर्यंत पोहोचला की नाही मला माहीत नाही. मला तरी ऐकू आला. त्यांनी नदीतले मोठे धोंडे उचलले आणि त्याच्यावर टाकायला लागले. तो मेल्यावरही टाकत राहिले. त्यात रोज मिरच्या कुटणारी एक म्हातारीही होती.

कडूबाई खाली आली तेव्हा सगळं संपलं होतं. तिनं नामदेवला आंघोळ घातली, अग्नी दिला. मग बरेच दिवस ती कुणाच्या दारात गेली नाही. एकदा माझ्या ओट्यावर बसली असताना आपणहून बोलली. "मारायला मी शिकिवलं, सुगन. थांबायला शिकवायचं ऱ्हाऊन गेलं." मी म्हणालो, ते आपल्याला मारायलाच आले होते. ती म्हणाली, आल्ते खरं. पण तो तर जाऊन राह्यला होता.

पावसाळा सरत आला, भादवा लागला आणि बातमी आली की हिंदी फौजा संस्थानात शिरल्या. चार दिवसांत सगळं पालटलं. खाकीवाले डगले विहिरींत टाकून पळून गेले. आमच्या गावानं गूळ वाटला. मी स्वतः दुकानातल्या दोन भेल्या फोडल्या. पण दुसऱ्याच दिवशी आजूबाजूच्या गावांतून धूर दिसायला लागला, आणि या वेळी जळणारी घरं कुणाची आहेत हे माडीवरून न बघताही कळत होतं. ज्यांचा खाकीशी काही संबंध नव्हता असे म्हातारे, बायका, पोरं मारली जात होती. आम्ही ऐकत होतो आणि एकमेकांना सांगत होतो की आपल्या गावात असं व्हायचं नाही.

त्या सकाळी कडूबाई माझ्या दुकानात मीठ घेत होती. एक बाई नदीकडून धावत आली आणि सांगायला लागली. हुसेन शेळ्यांना पाणी पाजायला गेला होता. पलीकडच्या गावचे काही आणि आपले काही, असे मिळून त्याला कुऱ्हाडींनी तोडला. पाण्यातच. आता ते घराकडं येत आहेत.

कडूबाईनं मिठाची पुडी फळीवर ठेवली आणि निघाली. मी तिच्यामागं गेलो. ती धावली नाही, पण मला तिला गाठता येईना. हुसेनच्या घरापाशी जाऊन तिनं अमीनाला आत ढकललं, बाहेरून कडी लावली आणि उंबऱ्यावर बसली. पाठ दाराला टेकून, पाय पसरून, उन्हात बसावं तशी.

जमाव आला. निम्मे चेहरे मला ओळखीचे होते. तिनं नेमलेलेच लोक होते ते, तिनं वळून दिलेल्या गोफणी हातांत घेऊन. पुढं किसन होता. नदीवर तो होता की नव्हता हे मी तेव्हा विचारलं नाही आणि नंतरही कधी विचारलं नाही. त्याच्या पायांना चिखल होता एवढं मी पाहिलं.

किसन म्हणाला, "काकू, बाजूला हो."

"न्हाई होत."

"नामदेवला ह्यांनी मारलं."

"ह्या घरानं न्हाई मारलं. तुझ्या खांद्यात कापूस कुणी भरला, किसन?"

मागून कुणीतरी ओरडलं की म्हातारी फितूर आहे, तिला उचला. किसनचं तोंड पांढरं झालं होतं. त्याच्या हातातली गोफण फिरायला लागली. मला वाटतं तो दाराच्या वर मारणार होता, तिला घाबरवायला. मला अजून तसंच वाटतं. दगड तिच्या जबड्यावर बसला.

ती आडवी पडली. उंबऱ्यावर रक्त पसरलं. आतून अमीनाची धाकटी मुलगी रडत होती ते ऐकू आलं. कडूबाई कोपरावर उठली. तोंडातून दात आणि रक्त थुंकली. जबडा एका बाजूला लटकला होता, बोलता येत नव्हतं. हातांनी सरकत ती पुन्हा दाराला टेकली आणि पुन्हा पाय पसरले. किसनकडं बघत राहिली.

मी तिथून हललो नाही, पण पुढंही गेलो नाही. पुढं गेला भाऊराव. जमावाच्या बाहेर कुठंतरी उभा होता. तो रडत रडत जाऊन तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसला. मग माझी बायको घरातून आली. डोक्यावरचा पदर सोडून ती आजवर कधी गल्लीत आली नव्हती. ती माझ्याकडं न बघता पुढून गेली आणि कडूबाईच्या जबड्याला पदर लावून बसली. तेव्हा मी गेलो. सटवाजी आला, त्याच्या मागं महारवाड्यातली माणसं आली. मिरच्या कुटणाऱ्या दोघी आल्या. ज्या म्हातारीनं नदीवर धोंडा टाकला होता तीही आली. दारापुढं इतके लोक बसले की पुढं यायचं तर त्यांच्यावर पाय द्यावा लागला असता.

परगावचे लोक शिव्या देत निघून गेले. आपले होते ते काही वेळ उभे राहिले आणि एकेक करून पांगले. किसन शेवटपर्यंत उभा होता. मग तो गोफण खाली टाकून नदीकडं चालता झाला.

हुसेनला आम्ही नदीच्या वरच्या अंगाला पुरलं. केदारखेड्याहून एका म्हाताऱ्या फकिराला सटवाजीनं लपवून आणलं, त्यानं प्रार्थना म्हटली. अमीनाचे नातेवाईक जालन्यात होते. तिथं फौज बसली होती, म्हणून भीती कमी. तिला तिकडं पोहोचवायचं ठरलं. मीही माझं घर हलवायचं ठरवलं. बायको म्हणाली, आता ह्या नदीचं पाणी मला पिववणार नाही. जालन्यातच, मस्तगडात माझ्या चुलत्याचं घर होतं.

जाण्याच्या दिवशी कडूबाई जबड्याला कापड बांधून आली. बोलता येत नव्हतं, खुणा करत होती. अमीनाची गाडी भाऊरावाकडं दिली. मग ती किसनला घेऊन आली. तो चार दिवस नदीकाठी बसून होता, काही खाल्लं नव्हतं. तिनं त्याच्या दंडाला धरून माझ्या सामानाच्या गाडीकडं आणला आणि कासरा त्याच्या हातात दिला. अमीनाच्या गाडीजवळ त्याला जाऊ दिलं नाही. अमीनानं त्याच्याकडं एकदा पाहिलं आणि तोंड फिरवलं. त्यात माफी नव्हती, आणि कडूबाईनं ती मागितलीही नाही. ती स्वतः दोन्ही गाड्यांच्या मधून चालत राहिली.

वाटेत जळलेली घरं लागली. एका विहिरीपाशी इतका वास येत होता की बैल पुढं पाय टाकेनात. कडूबाईनं त्यांची तोंडं फडक्यानं झाकून त्यांना ओढून नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही जालन्यात पोहोचलो. अमीनाचा भाऊ वेशीवर येऊन उभा होता. त्यानं बहिणीला आणि म्हातारीला उतरवून घेतलं. मुलींना घेऊन जाताना अमीना थांबली, परत आली, आणि कडूबाईचे दोन्ही हात धरून थोडा वेळ उभी राहिली.

मस्तगडात आमचं सामान उतरल्यावर बायकोनं कडूबाईला भाकरी पाण्यात कुस्करून दिली. ती बोटांनी जिभेच्या मागं ढकलून गिळत होती. मी तिला राहा म्हटलं. जबडा नीट बसेपर्यंत तरी राहा, इथं डॉक्टर आहे. तिनं मान हलवली. मग मी विचारलं ते विचारायला नको होतं. म्हणालो, ज्यांनी हुसेनला मारलं, ज्यांनी तुला मारलं, त्यांच्यातच परत जाऊन राहणार तू?

बांधलेल्या कापडातून एकेक शब्द काढायला तिला वेळ लागला.

"मंग जाऊ कुठं? माझा बांध त्यांच्याच बांधाला लागून हाये." मग म्हणाली, "अन दुसरी माणसं कुठून आणायची, सुगन? हीच हायेत."

ज्वारी पेरायची राहिली होती, जमिनीचा वाफसा जात होता, त्यामुळं ती लगेच निघाली. भाऊराव गाडी घेऊन पुढं गेला होता. मी रस्त्याच्या कडेपर्यंत पोहोचवायला गेलो. किसननं बैल जुंपले. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही. कडूबाई गाडीच्या मागच्या बाजूनं चढली. गाडीत आता काही नव्हतं, एक गोणपाट होतं. ते तिनं डोक्याखाली घेतलं, दुखरी बाजू वर करून कुशीवर वळली.

गाडी हलली. किसन बैलांना हाकत नव्हता, चुचकारत होता, चाक खड्ड्यात जाऊ नये म्हणून दोनदा खाली उतरून त्यानं जू धरलं. मी बघत उभा राहिलो. वळणापाशी पोहोचेपर्यंत ती झोपली होती. तोंड थोडं उघडं होतं, आणि ज्यानं तिचा जबडा मोडला त्याच्या पाठीला तिचे पाय टेकलेले होते.